हुकमावाचून जळालेले रोडगे

माझा थोरला भाऊ फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाला, तरी तेल्हाऱ्याच्या आमच्या शेतात त्याची फौज अजून आहेच. दरवर्षी तिथे रोडग्यांचं जेवण असतं, आणि गोवऱ्यांच्या धगधगत्या आरात भाजायला पुरलेल्या कणकेच्या त्या गोळ्यांना त्याच्या हुकमाशिवाय हात लावायचा नाही, हा कायदा. मी अकोल्यात जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं, पण त्या आराजवळ माझं काही चालत नाही.

यंदा मी आगाऊपणा केला. माझी कॉलेजातली मैत्रीण आता खासदार आहे; तिला जेवायला बोलावलं. नेमकी त्याच आठवड्यात ती संसदेत बोलली: सैन्याला हवं ते द्या, हात आखडू नका, पण सैन्य कुठे पाठवायचं, किती दिवस ठेवायचं, हे निवडून आलेल्यांनी ठरवावं आणि त्याचा जाब सभागृहात द्यावा. भावानं पेपर वाचला आणि फोनवर कडाडला, "येऊ दे तिले. चांगलं इचारतो!" भाऊ मला एकच, आणि अशी मैत्रीणही दुसरी नाही.

ती येऊन सतरंजीवर टेकते न टेकते तोच त्यानं सुरुवात केली.

"काहून बाई, बंदूक धरली का कधी? फौजेत तुमचं काय काम?"

"नाई धरली, भाऊ. म्हणून तर तुमाले इचारून राहिली. हुकूम कोणी द्यावा?"

"साहेबानं!"

"अन् साहेबाले कोणी?"

वाद असा रंगला की मीही पंचासारखी मध्ये बसून ऐकत राहिले. करपल्याचा वास आला तेव्हा वळून पाहिलं. वहिनी आराजवळ हाताची घडी घालून उभी.

"अवं वहिनी, काढायचे ना!"

"हुकूम कुठी झाला?" ती शांतपणे म्हणाली.

रोडग्यांचा कोळसा झाला होता. खासदारबाई पोट धरून हसली. "भाऊ, सारा हुकूम एकाच्याच हाती असला न् थो भांडनात गुतला, का असं होते. मी संसदेत हेच सांगतलं, पन मले अर्धा तास लागला."

आता हा उठून जाणार, असं मला वाटलं. भाऊ मात्र फडक्यानं रोडग्याची राख झटकू लागला. मग खाली मान घालून त्यानं घरात कधीच न सांगितलेलं सांगितलं. एका शहरात दंगल होती. त्याची तुकडी चौकात उभी, समोर जमाव, त्यात त्याच्या पोराच्या वयाची पोरं. मुलकी मॅजिस्ट्रेटच्या सहीचा कागद आल्याशिवाय गोळी चालवायची नव्हती.

"सारे कागदाची वाट पाहून राहिले होते. मी देवाले म्हनत होतो, नको येऊ देऊ. थोड्या वेळानं जमाव पांगला. कागद आलाच नाई."

माझे डोळे भरून आले. मी वर्गात वर्षानुवर्षं जे शिकवलं, ते माझा भाऊ चौकात उभा राहून जगला होता, आणि मला पत्ताच नव्हता.

त्यानं त्यातल्या त्यात बरा रोडगा फोडला, तुपात बुडवला आणि तिच्या ताटात ठेवला.

"बाई, थो कागदाचा कायदा राहू द्या. कोनी काढून टाकतो म्हनला, तर टाकू देऊ नका."

मग वहिनीकडे न बघता म्हणाला, "अन् पुढच्या साली रोडगे तू काढजो. मले इचारू नको."