विभूती लावलेली रेकॉर्ड

उखळात शेंगदाण्याची चटणी निम्मी कुटून झाली होती, लसूण अजून पडायचा होता. तेवढ्यात काशम्मा धापा टाकत दारात आली.

"अक्का, रुद्रप्पाच्या दुकानात आपल्या अकरा रेकॉर्डी परत आल्यात. अडकत्यात म्हणं!"

गौरम्मानं मुसळ भिंतीला टेकवलं आणि उखळावर ताट झाकलं.

"आधी पाणी पी," ती म्हणाली. "रेकॉर्ड काय पळून जात न्हाय."

ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. गौरम्मा सोमवारच्या भजनी मंडळात पुढं बसून गायची. भजनंही तिचीच, दोन मराठी, दोन कानडी. मुंबईच्या एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीनं ती ऐकून घेतली आणि घरातल्या बायकांची गाणी खपत नाहीत असं कळवलं. गौरम्मानं ते पत्र देवासमोर ठेवलं, नमस्कार केला आणि म्हणाली, "मग आपणच काढू की." काशम्मा आणि मंडळातल्या आणखी तीन बायका घेऊन ती मुंबईला गेली, ध्वनिमुद्रणाच्या भाड्याच्या खोलीत एका दिवसात गाणी भरली आणि एका लहान कारखान्यातून रेकॉर्डी काढून आणल्या. तिचे यजमान सिद्धाराम मागावर काम करायचे. ते हसले, "कोण घेणार गं ही?"

"तुमी रोज फुकट ऐकताय, म्हणून तसं वाटतंय," गौरम्मा म्हणाली.

घेणारे निघाले. नवी पेठेत रुद्रप्पाचं रेकॉर्डींचं दुकान होतं. त्या आठवड्यात सगळ्यांत जास्त खपलेल्या दहा रेकॉर्डींची नावं तो दर शनिवारी संध्याकाळी बाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहायचा, आणि ती वाचायला रस्त्यावर सायकली थांबायच्या. मंडळाची रेकॉर्ड आधी सातवी आली, मग चौथी, मग दुसरी. वर राहिलं होतं फक्त एक सिनेमाचं गाणं. येत्या शनिवारी आपण पहिल्या असू, असं गौरम्मानं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. पण रुद्रप्पाचा नियम कडक. परत आलेला माल खपात धरायचा नाही.

दोघी दुकानात पोचल्या तर रुद्रप्पा गल्ल्यावर गाल फुगवून बसलेला.

"अक्का, माल खराब हाय. शनिवारी तुमचं नाव लिहिता यायचं न्हाय."

"लावून दाखवा की, अण्णा."

त्यानं एक रेकॉर्ड लावली. पहिलं भजन निम्म्यावर आलं आणि सुई तिथंच घुटमळली. "शिवा, शिवा, शिवा, शिवा..."

बाकावरचं एक गिऱ्हाईक म्हणालं, "छान की! एका रेकॉर्डीत जपमाळ पुरी हुतीय."

काशम्माचे डोळे भरले. गौरम्मानं मात्र ती रेकॉर्ड उचलून दारातल्या उजेडात तिरकी धरली. काळ्या रेघांवर तीन बोटांनी आडवी ओढलेली विभूती होती आणि मधोमध कुंकवाचा वाळका ठिपका. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. सगळ्यांवर तेच.

तिला आठवलं. रेकॉर्डींची खोकी आली त्या दिवशी नारळ फोडून तिनंच सगळ्यांना बजावलं होतं, घरी नेल्यावर आधी पूजा, मग गाणं. विकत घेणाऱ्यांनाही बायकांनी तेच सांगितलं. नवा पाटा असो, नवी सायकल असो, पूजेशिवाय कोण वापरतं? तिनं स्वतः मात्र वरच्या कागदी पाकिटालाच विभूती लावून उरकलं होतं, कारण भाकरी तव्यावर होती.

"अण्णा, माल चांगला हाय. चूक माझी," ती म्हणाली. "पूजा करा म्हणून मीच सांगितलं. मला एक घंगाळ पाणी द्या. काशम्मा, पळ. माज्या फडताळातनं रिठे आण आणि जुनं मऊ धोतर."

"अहो, ही काय इरकल साडी हाय व्हय धुवायला?" रुद्रप्पा ओरडला.

"इरकलीपेक्षा नाजूक हाय, म्हणून तर साबण मागितला न्हाय."

दुकानामागच्या अंगणात तिनं रिठ्याचा फेस केला. रेशमी लुगडं धुवावं तशा हलक्या हातानं, रेघांच्या वळणानं एकेक रेकॉर्ड पुसली, धुतली, सावलीत उभी केली. मधल्या कागदाला पाण्याचा थेंब लागू दिला नाही. वाळल्यावर पहिली लावली. भजन सुरू झालं, शिवापाशी आलं आणि पुढं गेलं. बाकावरचं गिऱ्हाईक म्हणालं, "सुटला बाई महादेव!" रुद्रप्पा हसला, मग गंभीर झाला, मग पुन्हा हसला.

अकरातल्या दहा गायल्या. अकरावी गल्लीतल्या पार्वतम्माची. ती अडकते म्हणून तिनं तांब्याच्या कळशीसारखी चिंच आणि राख लावून घासली होती. त्या रेकॉर्डीला काही इलाज नव्हता. दहाजण आपापली रेकॉर्ड परत घेऊन गेले. पार्वतम्माला गौरम्मानं स्वतःची दिली.

शनिवारी रुद्रप्पानं ती एक रेकॉर्ड खपातून वजा केली, तरी सिनेमाचं गाणं खालीच राहिलं. त्यानं वरच्या ओळीत 'गौरम्मा' एवढं लिहिलं.

"पुसा," गौरम्मा म्हणाली. "आमी पाचजणी गायलोय."

त्यानं पुसून 'सोमवारचे भजनी मंडळ' असं लिहिलं. रस्त्यावरच्या सायकली थांबल्या. काशम्मानं फळ्यालाच हात जोडले. गौरम्मानं रुद्रप्पाकडून खडू मागून घेतला आणि फळ्याच्या तळाशी ठळक अक्षरांत लिहिलं, 'पूजा पाकिटाची करावी.'

खडू परत देताना तिला आठवलं, घरातले रिठे संपलेत. अजून कुणी विभूती लावलेली रेकॉर्ड घेऊन येईल. ती रिठे आणायला काष्ठौषधीच्या दुकानाकडे निघाली.