बहिरा असल्याचा पुरावा

माझा मोठा भाऊ बावीस वर्षं तोफखान्यात होता. हवालदार होऊन सौंसरला परत आला तेव्हा गावाने त्याला हार घातले आणि महिनाभरात त्याला शिष्ट ठरवून टाकलं. हाक मारली तर वळत नाही, राम राम घेत नाही. एकदा बसस्टँडसमोर नागपूरची गाडी त्याच्यामागे हॉर्न वाजवत राहिली आणि हा रस्त्याच्या मधोमध आपल्या चालीने चालत राहिला. शेवटी ड्रायव्हर खाली उतरला आणि सरकारने पेन्शनीत रस्ताही दिला का म्हणून विचारू लागला. दादाने त्याला हात जोडले. त्याला वाटलं, कोणी ओळखीचा भेटायला आला.

घरात आम्हीही काही मोठे शहाणे नव्हतो. फौजेत राहून आल्यावर याला आमच्याशी बोलायची लाज वाटते, असं मी दोन वर्षं धरून चाललो होतो. वहिनीला मात्र पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तिने कोणाला काही सांगितलं नाही. ती फक्त त्याच्या समोर जाऊन, तोंडाकडे उजेड येईल अशी उभी राहून बोलायला लागली.

नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, उजवा कान गेलाच आहे, डावा अर्धा उरलाय. मोठ्या आवाजाने नस मेली की ती परत येत नाही. तोफ सुटताना कानात काय घालायचास, असं मी दादाला लिहून विचारलं. तो म्हणाला, कापूस. आम्ही कापूस पिकवणारी माणसं; पण देशाच्या संरक्षणात त्याचा हा उपयोग मला ठाऊक नव्हता. कानात घालायचे खरे रबरी बोळेही होते म्हणे. मोठे साहेब पाहणीला आले की वाटायचे आणि साहेब गेले की मोजून परत घ्यायचे.

मी तहसिलीत बाबू. लोकांचे अर्ज कोणत्या कारणाने परत पाठवायचे यात माझी हयात गेली, त्यामुळे या कामाला माझ्याइतका लायक माणूस घरात दुसरा नव्हता. अपंगत्वाच्या पेन्शनीचा अर्ज मीच केला. उत्तर आलं की बहिरेपण नोकरीमुळे आलेलं नाही आणि नोकरीमुळे वाढलेलंही नाही, कारण नोकरीत असताना त्याची नोंद नाही. नोंद कशी असणार? कान दाखवला असता तर दादाला खालची वैद्यकीय कॅटेगरी लागली असती, आणि कॅटेगरी लागलेल्याला बढती मिळत नाही. म्हणजे बहिरेपण लपवलं म्हणून तो हवालदार झाला, आणि लपवलं म्हणूनच ते खोटं ठरलं. ते उत्तर लिहिणाऱ्या बाबूला मी मनातल्या मनात दाद दिली.

अपील केलं. फौजेच्या वैद्यकीय बोर्डासमोर यायचं पत्र आलं. रात्रभर रेल्वेत बसून आम्ही तिथे पोचलो. दादाने इस्त्रीची पँट घातली, फाईल मांडीवर घेतली आणि दाराच्या अगदी समोरच्या बाकावर ताठ बसला. मी एका कागदाची झेरॉक्स काढायला खाली गेलो. परत आलो तर यादीत त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिलेलं.

मी आतल्या बाबूला म्हटलं, माणूस तर हा समोर बसलाय. तो म्हणाला, तीन वेळा पुकारा केला. मी म्हटलं, साहेब, तो बहिरेपणाच्याच तारखेला आलाय. बाबू जरासुद्धा चिडला नाही. सोबत ऐकणारा माणूस आणायचा असतो, एवढं सांगून त्याने पुढचं नाव पुकारलं. मला त्याच्याशी भांडता आलं नाही. माझ्या टेबलावरही तीन पुकारे झाले की मी हेच लिहीत आलोय. बाकावर कोण बसलंय ते पाहायला मी कधी उठलो नव्हतो.

पुढच्या तारखेला मी दाराची चौकटच धरून उभा राहिलो. आत घेतलं. डॉक्टरसाहेब तरुण होते आणि फसवले जाणार नाहीत असा त्यांचा चेहरा होता. दादा कागद वाचत असताना त्यांनी त्याच्या मागे हळूच लोखंडी ट्रे फरशीवर पाडला. दादा वळला. साहेबांनी समाधानाने लिहून घेतलं की आवाजाला प्रतिसाद आहे.

दादाने ते वाचलं. उठून सावधान उभा राहिला आणि आपल्या फौजी हिंदीत त्यांना सांगितलं की तोफेवरचा माणूस पायाने ऐकतो, फरशी हादरली ते कळलं. साहेबांनी तेही लिहिलं असेल, पण कुठल्या रकान्यात, कोणास ठाऊक.

परतीच्या गाडीत तो आमला स्टेशन येईपर्यंत फाईलीतले कागद लावत बसला. मग खिडकीकडे पाहतच म्हणाला, “बहिरा म्हटलं त चालते मले. पन खोटा नको म्हनू देऊ.” त्याला स्वतःचा आवाज कळत नाही. अख्ख्या डब्याने आमच्याकडे पाहिलं.

यानंतर बोर्डाला नवीन शंका आली: बहिरेपण आनुवंशिक असू शकतं. तेव्हा मी आईला आणि स्वतःला घेऊन नागपूरला गेलो. ऐंशीच्या पुढची आई काचेच्या खोलीत कानाला यंत्र लावून बसली आणि प्रत्येक बारीक आवाजाला बोट वर करत राहिली. तपासणाऱ्या पोरीने आवाज बंद केले तरी आईचं बोट वरच. विचारलं तर म्हणाली, बाहेर कोणाचा तरी फोन थरथरून राहिला. माझेही कान उत्तम निघाले. त्याचं सर्टिफिकेट मी घरी दाखवलं. बायकोने ते नीट वाचलं आणि आईला म्हणाली, “कान त चांगले हायेत म्हनते डॉक्टर. मंग घरी काय होते याईले?”

आमच्या खानदानातले दोन जोड चांगले कान सहीशिक्क्यानिशी बोर्डाकडे गेले. दीड वर्षाने उत्तर आलं: बहिरेपण नोकरीमुळेच आलं, अपील मंजूर.

पत्र घेऊन मी बगिच्यात गेलो. दादा संत्र्याच्या झाडांना आळी करत होता. हात धोतराला पुसून त्याने ते दोनदा वाचलं आणि मला परत दिलं. “मोठ्यानं वाच,” म्हणाला. मी म्हटलं, तुला कुठे ऐकू येणार? तो म्हणाला, “मले नाई. शेजारच्याईले.”

मी ओरडून ओरडून वाचलं. बांधापलीकडचा शेतकरी पंप बंद करून आला, त्याच्यामागे त्याची बायको आली. ज्यांनी दादाला शिष्ट ठरवलं होतं त्यांतले हे पहिले. दोघांनी पूर्ण ऐकून घेतलं, आणि मग मंजूर झालं म्हणजे आता याला ऐकू येईल का, असं मला विचारलं.

हल्ली तिगावचा एक निवृत्त रणगाडेवाला आपली फाईल घेऊन आमच्याकडे येतो. त्याचे दोन्ही कान गेलेत आणि अर्ज एकदा परत आलाय. मी कागद पाहत असतो तेवढ्यात तो आणि दादा ओसरीवर बसतात. तो रणगाड्याचं सांगतो, दादा तोफेचं सांगतो, दोघंही एकदमच, ओरडून, आणि दोघंही मान डोलावतात. गल्लीतल्या बाया पोरांना झोपवायला पलीकडच्या खोलीत नेतात.