सुभेदार बिराजदारांचा अहवाल

खुद्द मालकांचा फोन आला तरी सुभेदार बिराजदार पासवर्ड सांगत नसत. एकदा मी समोरच बसले होते. मालक पुण्याहून बोलत होते, स्वतःचाच पासवर्ड विसरले होते आणि चांगलेच तापले होते. सुभेदार उभे राहून, अगदी अदबीनं ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "साहेब, आवाज तुमचाच वाटतोय. पर आवाज कुणालाबी काडता येतोय. सांगलीला या, मशीनसमोर बसा, नवा टाका. मी तवर भितीकडं तोंड करून हुबा ऱ्हातो." फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "इल्ला म्हंजे इल्ला!" 'इल्ला' हे त्यांचं कानडी 'नाही'. आम्हा कर्नाटक सीमेवरच्या जतच्या माणसांचा नकार रागात असला की कानडीतूनच येतो, असं ते सांगत.

आमचा पंप बनवणारा कारखाना सांगलीच्या औद्योगिक वसाहतीत होता. मी मूळची वाईची, ड्रॉइंग ऑफिसात नोकरीला. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं आणि शेडाशेडांतून कॉम्प्युटर येऊन बसले होते. ते एकमेकांना जोडायचे कुणी, हा प्रश्न निघाला तेव्हा मॅनेजरसाहेबांनी बोट दाखवलं सुरक्षा विभागातल्या बिराजदारांकडे. का, तर हा माणूस फौजेत सिग्नल्समध्ये सुभेदार होता, तारांशी याची ओळख आहे! सुभेदारांनी हुकूम म्हणून ते काम घेतलं आणि पन्नाशीत, जाडजूड इंग्रजी पुस्तकं बोट ठेवून वाचत, ते खरोखर शिकले. त्यांची भाषा ऐकून हसणारे आमचे पदवीधर इंजिनिअर वर्षभरात त्यांच्या खुर्चीमागे रांग लावू लागले.

काम सोपं नव्हतं. सगळी ड्रॉइंगं आमच्या ऑफिसातल्या एका मोठ्या युनिक्स मशीनवर असत आणि शेडांमधली मशीनं विंडोजची. दोघांना एकमेकांचं बोलणं कळत नसे. "ह्ये कानडी आन् त्ये मराठी," सुभेदार म्हणत, "मधी दुभाषा लागतोय. आमच्या जतला काय, दुकानदार सुदिक दुभाषा असतोय." मशीनांना नावंही त्यांनी तालुक्यातल्या गावांची दिली होती. ओतकामाचे लाकडी साचे करणाऱ्या पॅटर्न शॉपचं मशीन उमदी, स्टोअरचं संख, आणि मोठ्या मशीनचं नाव जत. समदी गावं कामाला तालुक्यालाच येणार, हे त्यांचं साधं गणित होतं.

शिकवायची त्यांना भारी हौस. मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "ताई, सवाल दोनच. कोण कुठं हाय, ह्यो पयला. आन् आलेला गडी त्योच हाय का, ह्यो दुसरा. फौजेतबी दोनच, हितंबी दोनच." दुसऱ्या सवालाचं उत्तर म्हणजे पासवर्ड. पहिल्याचं उत्तर मोठं गमतीचं होतं. शेडातल्या मशीनला जत हवं झालं की ते तारेवर नुसती हाक मारी, जत कोण? जे मशीन ओ देई, ते जत. मला ते फारच भोळं वाटलं होतं. तसं मी म्हणालेही, आणि सुभेदार म्हणाले, "घरातल्या घरात कोण खोटं ओ देतंय, ताई?"

आता माझ्या हुशारीकडे येते. मोठ्या मशीनची डिस्क बदलायची होती, ते दोन दिवस बंद राहणार होतं, आणि नेमके त्याच दिवशी सुभेदार यात्रेसाठी गावी गेलेले. काम अडायला नको म्हणून मी आदल्या दिवशी सगळी ड्रॉइंगं स्टोअरच्या मशीनवर उतरवून घेतली. स्टोअरचे बापू म्हणजे वयस्कर माणूस, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पासवर्ड टाकताना पडद्यावर नुसत्या चांदण्या उमटतात म्हणून ते रोज रडकुंडीला येत. त्यांना त्रास नको म्हणून मी त्या फोल्डरला पासवर्डच ठेवला नाही. आणि शेडांमधल्या माणसांना काही बदलायला लागू नये म्हणून स्टोअरच्या मशीनचं संख हे नाव काढून जत ठेवलं. दोन दिवस काम झकास चाललं. मॅनेजरसाहेबांनी माझी पाठ थोपटली. सुभेदारांनी परत आल्यावर विचारलं, तेव्हा मी "भागवलं कसंतरी" एवढंच म्हणाले. सोमवारी नाव पूर्ववत करायचं ठरवलं आणि साफ विसरले.

पुढे रोज सकाळी बापूंचं मशीन सुरू होताना इंग्रजीत तक्रार करी की, या नावाचं मशीन आधीच आहे. बापू एंटर दाबत. महिना दीड महिना ते रोज एंटर दाबत होते, आणि मोठं मशीन आधीपासून चालू असल्यामुळे हाकेला ओ तेच देई, काही बिघडत नव्हतं.

दरम्यान आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकानं पंपाच्या एका भागाची जाडी वाढवून मागितली. मी नवं ड्रॉइंग जतवर, म्हणजे खऱ्या जतवर, चढवलं. एका सकाळी वीज गेली आणि आली. वीज गेल्यावर मोठं मशीन स्वतःची डिस्क तपासत अर्धा तास बसून राही. बापूंचं दोन मिनिटांत उठलं आणि जत होऊन बसलं. पॅटर्न शॉपचा फोरमन संपत यानं त्यावरचं जुनं ड्रॉइंग उघडलं, त्यावरून लाकडी साचा केला आणि पुढे गाडीभर ओतीव काम त्या साच्यावरून निघालं. सगळं जुन्या जाडीचं. माल परत आला, मागोमाग गिऱ्हाईकही गेलं. कारखाना आधीच लंगडत होता. मॅनेजरांना कुणाचं तरी नाव हवं होतं, त्यांनी जुन्या ड्रॉइंगवर काम केलं म्हणून संपतला घरी बसवलं. संपत गयावया करत होता, "म्या जतवरनंच घेतलं साहेब, पोराबाळांची आण." कोण ऐकतंय?

ऐकलं ते सुभेदारांनी. तीन दिवस ते मशीनच्या नोंदी चाळत होते. मग संपतला घरून बोलावून घेतलं आणि माझ्या देखत विचारलं, "त्या दिवशी तुला मशीननं पासवर्ड इचारला का रं?"

"न्हाई. मला वाटलं तुमीच काडून टाकलासा. म्हटलं, बरं झालं, कटकट गेली."

सुभेदार उठून स्टोअरकडे गेले. तासाभरानं परत आले ते एक कागद घेऊन, आणि तो त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. ड्रॉइंगं कुणी उतरवून घेतली याची ती नोंद होती, त्यात माझं नाव होतं. वाईला वडील अंथरुणाला खिळलेले, घरात मिळवती मी एकटी. तरी मी म्हणाले, "मी सांगते साहेबांना." ते म्हणाले, "सांगा. उद्या सांजपातूर मी थांबतो."

दुसऱ्या दिवशी मी दोनदा मॅनेजरांच्या दारापर्यंत गेले. पहिल्यांदा आत कुणीतरी बसलं होतं. दुसऱ्यांदा आत कुणीच नव्हतं आणि मी परत फिरले. लाज वाटते, पण घडलं ते असं.

संध्याकाळी सुभेदारांनी अहवाल दिला. एका नावाची दोन मशीनं तारेवर आली, फोरमननं नावावर भरवसा ठेवला त्यात त्याचा दोष नाही, मशीनांची जबाबदारी माझी आणि चूक माझी, खाली त्यांची सही. बापूंचं नाव नाही. माझंही नाही. मी त्यांना गाठलं. "तुम्ही खोटं का लिहिलंत?" माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"खोटं कसलं?" ते म्हणाले. "फौजेत आमी दोन्ही बाजूंनी इचारायचो. त्यानं आमाला, आमी त्येला. हितं म्या माणसांस्नीच इचारत बसलो, तू कोण, तू कोण. जत म्हणून ओ देणाऱ्या मशीनला कुणी इचारलंच न्हाई. तुमी न्हाई, तर उद्या दुसऱ्या कुणाकडनं झालं असतं. वाटेवर पहारा ठिवायचं काम माझं हुतं." मग म्हणाले, "पर तुमी सांगायला पायजे हुतं, ताई. संपतसाठी."

मॅनेजरांनी अहवाल वाचला आणि सुभेदारांना काढून टाकलं. संपतला परत घेतलं का? नाही. फोरमनला जाडी नजरेनं कळायला हवी होती, म्हणे. एकाच्या जागी दोघं गेले आणि मी राहिले. जाताना सुभेदारांनी मोठ्या मशीनच्या किल्ल्या माझ्याकडेच दिल्या, दुसरं कुणी शिकलेलंच नव्हतं. त्यानंतर आमची भेट झाली नाही. मी एकदा पत्र लिहायला घेतलं होतं, ते पुरं केलं नाही. वर्षभरात कारखान्याला कुलूप लागलं, तेव्हा माझी नोकरीही गेली. म्हणजे जे वाचवायला मी गप्प बसले होते, ते वर्षभरच टिकलं.

पुढे कितीतरी वर्षांनी वाईहून सांगलीकडे येताना वाटेत मलकापूरला उतरले होते. एका दवाखान्याच्या फाटकाशी खाकी कपड्यांतला रखवालदार "ताई, ताई" करत धावत आला. संपत होता. केस पिकले होते. त्यानं चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

"सुभेदार गेलं, कळलं का तुमास्नी?" तो म्हणाला. "जतला मी मातीला गेलतो. मान्सं लय न्हवती. म्या त्यास्नी एकदा इचारलं हुतं, त्ये खरं कुणी केलंतं म्हणून. म्हणालं, म्याच. मला पटलं न्हाई बगा. त्यो मानूस आसली चूक करनार न्हाई." चहाचा ग्लास हातात तसाच धरून तो माझ्याकडे बघत होता. "तुमी शेजारच्याच टेबलावर बसायचासा. तुमास्नी तर ठावं आसंल. कुणी केलंतं वो?"

रस्त्यावर एसटी उभी होती. चुकवायची नव्हती.

"मला कसं माहीत असणार, संपतराव?" मी म्हणाले.