पायजम्याच्या नाडीची गोदावरी

मंठ्याहून मी मस्तगडच्या शाळेत आलो तेव्हा राज्य हैदराबादचं, म्हणून भूगोल उर्दूत शिकवत. बाजारातली उर्दू मला यायची. पण पुस्तकातली उर्दू भलतीच खानदानी, आम्हा शेतकऱ्यांच्या पोरांना ती ओळखच देत नव्हती. वर्गात माझ्या एका बाजूला दर्जीचा मुलगा बसे, तो घरी उर्दूच बोलायचा. दुसऱ्या बाजूला आष्टीचा एक जण, लहानपणी देवीत त्याचे डोळे गेलेले. "नुसतं ऐकत बस," म्हणून मास्तरांनी त्याला वर्गात घेतलेलं.

दर्जीचा मुलगा धडा वाची, मी तो मंठ्याच्या बोलीत सांगे. आष्टीकर एकदा ऐकलं की विसरत नसे. नकाशापाशी मात्र सगळं अडे. त्याला तो दिसेना आणि मला त्यावरची नावं वाचता येईनात, म्हणजे आम्ही दोघेही आंधळेच.

मंग दर्जीच्या मुलाने बापाच्या दुकानातून मांजरपाटाचा तुकडा उचलला. त्यावर डोंगरांना चिंध्यांच्या घड्या शिवल्या, गावांना बटणं लावली. हैदराबादला शेरवानीचं बटण. गोदावरीला जाड दोरा पुरेना, म्हणून पायजम्याची नाडी लावली. दोन दिवसांत आष्टीकर त्या कापडावर बोटांनी मुलूखभर फिरू लागला.

पुढे तपासणीला साहेब आले. त्यांनी गोदावरी दाखवायला नेमकं आष्टीकरालाच उठवलं. मास्तरांचा चेहरा पडला. आष्टीकराने कापड मांडीवर पसरलं आणि नाशकाकडून नाडी धरून पार पूर्वेला गेला, वाटेतली गावं सांगत. साहेबांनी वाकून पाहिलं आणि ही नदी कशाची केली, असं विचारलं.

"पायजम्याच्या नाडीची, साहेब," तो म्हणाला. "पन गाठ न्हाई मारली. नदी तुंबली असती."

साहेब खोकल्याच्या निमित्ताने तोंडावर रुमाल धरून बराच वेळ उभे राहिले. मास्तर भिंतीकडे बघत होते.

वार्षिक परीक्षेत मास्तरांनी त्याची तोंडी घेतली, कापडासकट. तो वर्गात पहिला आला आणि मी भूगोलात नापास झालो. मी तक्रार घेऊन गेलो, की त्याला कापड आणि आम्हाला कोरा कागद, हे बराबर न्हाई. मास्तर चिडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं. मग सगळ्यांना देऊ."

पुढच्या वर्षी भिंतीवर मोठं कापड लागलं, उर्दू-मराठी दोन्ही लिप्यांत नावं घातलेलं. कोणीही उठावं, हात फिरवावा. त्या वर्षी भूगोलात मीही सुटलो. कापड, बटणं, नाडी सगळं दर्जीच्या दुकानातून फुकट गेलेलं; तो मात्र बरेच दिवस आमच्या मास्तरांना सलाम करीत नव्हता.