दिवा लागण्याआधीचं मीठ

कोपऱ्यावरच्या मावशीनं दिवे लागल्यावर मीठ विकलं आणि म्हणून तिचं दुकान बसलं, ही गोष्ट आमच्या गावात अजून सांगतात. मागच्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारच्यानं ती पुन्हा सांगितली. सांगणारा चाळिशीचा, त्यानं ते दुकान पाहिलेलंही नाही. या खेपेला तर मावशी मिठात राखही मिसळत होती! ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. पण खरी चीड माझी मलाच येते, कारण ही गोष्ट सुरू केली ती मी.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि आमच्या शिवारापलीकडे थोड्याच अंतरावर मोगलाई, म्हणजे निजामाचा मुलूख, सुरू व्हायची. साखरखेर्ड्याचा बाजार आठवड्यातून एकदा. बाकीचे दिवस सगळ्या आळीचं मावशीवर चालायचं. तिच्या घराची पुढची खोली हेच दुकान. ती विधवा, एकटी आणि तोंडानं फटकळ. मालाला हात लावला की ओरडायची. पाव शेर शेंगदाणे मागितले तरी, "मायनं सांगतलं का तुह्या मनानं?" हे ठरलेलं. रोज! पुडी बांधून झाली की हातावर गुळाचा खडा ठेवायची, तोही ओरडतच.

दिवे लागल्यावर मीठ द्यायचं नाही, ही रीत. देणाऱ्याच्या घरची लक्ष्मी जाते, घेणाऱ्याच्या घरात आजार येतो, असा आमच्या आळीचा पक्का समज होता. मावशी तर याबाबतीत फारच कडक.

एका दुपारी आईनं मला मीठ आणायला धाडलं. वाटेत गोट्यांचा डाव रंगला होता. मी दुकानावर पोचलो तेव्हा मावशी कंदिलाची काच पुसून, काड्यापेटी हातात घेऊन बसली होती.

"मीठ दे ना व मावशी."

"आत्ता आठोलं? गोट्या खेळतानी काऊन नाही आठोलं बे?"

"माय मारते मले."

"मंग खाय मार."

मी रडायला लागलो. ती काही तरी पुटपुटली, काड्यापेटी खाली ठेवली आणि अंधारातच चाचपडत मीठ जोखलं. "घे. पळ. तू पायरी उतरला का लावतो मी दिवा."

घरी कंदील लागला होता. आई गोठ्यात होती. पुडी फळीवर ठेवून मी सटकलो. तिसऱ्या दिवशी धाकट्या बहिणीला ताप भरला आणि चुलतीनं मला धरलं.

"मीठ कव्हा आणलं रे?"

गोट्या आठवल्या. मार आठवला. मी म्हणालो, "मी तं दुपारीच गेल्तो. तिनंच बसवून ठेवलं. दिवा लावला, मंग देल्लं."

चुलतीनं ते विहिरीवर नेलं आणि संध्याकाळपर्यंत आळीभर झालं. मावशी आमच्या दारात आली. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली होता.

"सांग ना बे यायले. दिवा लागला होता काय?"

मी आईच्या मागे उभा होतो. म्हणालो, "हाव."

ती मागं वळली आणि चालू लागली. शिवीसुद्धा दिली नाही. निदान शिवी तरी द्यायची!

बहीण आठवड्याभरात बरी होऊन अंगणात धावू लागली. ते कुणी मोजलं नाही. माणसं मिठासाठी बाजाराच्या दिवसापर्यंत थांबू लागली, मग तेलासाठी, मग सगळ्यासाठीच. पोळ्याच्या आधी मावशीनं दाराला कुलूप लावलं आणि लोणारकडं भावाच्या गावी निघून गेली. ती पुन्हा आली नाही. मीही कधी तिला शोधायला गेलो नाही. लोणारला कामानिमित्त कितीदा गेलो, तरी नाही.

तर त्या पंगतीत मी एकदाचं बोललो. म्हटलं, खोटं आहे हे, मीच होतो तो पोरगा, दिवा लागलाच नव्हता. तर तो हसला.

"आबा, तुम्ही तव्हा लहान. तुमाले काय आठोते?" आणि वाढप्याला ओरडला, "अबे, आबाले भाजी वाढ!"

काय करावं या लोकांचं? खोटं बोललो तेव्हा एका शब्दात पटलं होतं.

म्हणून लिहून ठेवतो. काड्यापेटी तिनं खाली ठेवली होती. पुडी घेऊन मी पायरी उतरलो, चार पावलं गेलो आणि मागं वळून पाहिलं. तेव्हा कुठं तिच्या दुकानात दिवा लागला.