नातीने गिळलेलं बोलणं

"टोपली गेटाबाहेर ठेवा," शिपाई म्हणाला. ठेवली. नातीच्या शाळेतून बोलावणं आलं म्हणून मासळीबाजारातून तशीच आले होते, हाताला बांगड्यांचा वास. दुसरीच्या वर्गाच्या बाईंनी नाकाला रुमाल लावला. मागे चार पालक उभे.

"बाईनू, माका बोलयलात?" मी विचारलं.

पालक हसले. बाई माझ्याशी बोलल्याच नाहीत. माझ्या सात वर्षांच्या नातीला म्हणाल्या, "तुझ्या आजीला सांग, तिच्या गावंढळ भाषेमुळे तुझ्या डोक्यात गोंधळ होतो. म्हणून तू इंग्रजीत मागे पडतेस. यापुढे तिने घरी तुझ्याशी तसं बोलायचं नाही."

मराठीतच म्हणाल्या. मी चौथी शिकले आहे. शब्द न् शब्द कळला.

पोरीने तोंड उघडलं आणि मिटलं. मग माझ्याकडे वळली. "आजये, बाई सांगतत, तुझो आवाज मोठो आसा. वायच हळू बोल."

बाईंनी एक कागद आणि शाईचा पॅड पुढे सरकवला. घरी मालवणी बोलणार नाही, असं छापलेलं होतं. पोरीचा बाप बोटीवर, आई गोव्यात कामाला. शाळेतून काढलं तर हिला कुठे नेऊ? मला सही येते. तरी अंगठा लावला.

आठ दिवस घरात गप्प राहिले. शुद्ध बोलायला गेले की तोंडात दुसरीच बाई बोलते असं वाटायचं. म्हणून ताट वाढायचं, वेणी घालायची, बोलायचं नाही.

नवव्या दिवशी वेणी घालताना पोर म्हणाली, "आजये, मी बाईंचा खोटा सांगितलंय म्हणान बोलणस नाय?"



"नाय गो बाय. माका सगळा कळला हुता."

ती रडली. मी नाही रडले. मला राग आला.

बाईंचं मराठीत ऐकायचं. त्यातलं काय गिळायचं ते ठरवायचं. जिभेवर आलेला शब्द मागे धरायचा आणि दुसऱ्या बोलीत दुसरंच सांगायचं. एवढं सगळं तिने बाईंसमोर उभ्या उभ्या केलं. आणि म्हणे हिच्या डोक्यात गोंधळ.

त्या संध्याकाळपासून मी बोलते आहे. मालवणीतच.

सोमवारी शाळेत जाणार. बाजार आटपून, तशीच, त्याच लुगड्यात. तो कागद मागेन. अंगठा खोडून खाली सही करीन, आणि लिहीन की मी कबूल नाही. पोरीला काढतील? काढू शकतात. ते माझ्या हातात नाही.

पण त्या वेळी पोरीला बाहेर उभं करीन. बाईंना जे बोलायचं ते माझ्या तोंडावर बोलू देत. माझा अपमान तिला पुन्हा गिळू देणार नाही.