डाव्या हाताची गोधडी

उन्हात तापलेल्या जुन्या सुती कापडाला एक कोरडा, मायाळू वास असतो. सरावलीतल्या आमच्या गच्चीवर शेजारच्या शालूताईंनी चिंध्यांचा ढीग पसरला, तेव्हा तो वास मला आला. पण त्या कापडाची ऊब माझ्या डाव्या तळहाताला कळली नाही. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बोलणं परतलं, चालणं सुधारलं. या हाताची बोटं मात्र जेमतेम मिटत, आणि त्यांतला स्पर्श पार हरवला होता.

बोटांना काम द्या, असं डॉक्टर म्हणाले. नवऱ्याने उशीचा अभ्रा सुचवला. मी ठरवली ती भिंतभर गोधडी, पालघरला महिला मंडळाच्या प्रदर्शनात टांगण्याजोगी.

शालूताई एडवणच्या. त्यांना पटेना. "आंगावर घ्यायची नाय, नुसती बघायची हाय. मग छोटी करा की."

"छोटी केली तर हाताचं काम लवकर संपेल," मी म्हणाले.

नवऱ्याचे कारखान्यातले निळे शर्ट, जवळच्या सालवड गावातल्या भाडेकरू बायकांनी दिलेल्या झगमगीत साड्या, शालूताईंचं विटलेलं लुगडं, सारं एकाशेजारी एक आलं. उजवा हात टाके घाली, डाव्याने कापड धरायचं. ते सारखं निसटे. सुई बोटात शिरे आणि मला पत्ता लागे तो कापडावरचा लाल ठिपका पाहून. स्वतःच्याच रक्ताची वार्ता अशी परक्यासारखी कळावी, याहून मोठी अवहेलना कोणती? तरी रोज जेवणं आटोपली की मी गोधडी मांडीवर ओढत असे.

एका दुपारी सुई टोचली आणि तोंडून "आई गं" निघून गेलं. नवरा स्वयंपाकघरातून धावत आला.

"काय झालं?"

"दुखलं," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. तो माझं बोट हातात धरून शेजारी बसला. वेदनेला वरदान म्हणावं असे क्षण कितीजणांच्या वाट्याला येत असतील?

पुढचे टाके हळूहळू सरळ होत गेले. सुरुवातीचा कोपरा मात्र वेडावाकडाच होता. "उसवून देते, मी घालते नीट," शालूताई म्हणाल्या. मी उसवू दिला नाही. सभागृहात टांगताना मंडळाच्या बाईंनी तो कोपरा वर, छताशी न्यायला सांगितलं. मी तो खाली, लोकांच्या हाताशी ठेवायला लावला.

प्रदर्शनात जव्हारकडची एक बाई त्या कोपऱ्यापाशी थबकली. टाक्यांवरून बोट फिरवत तिने विचारलं, "हे तुमी घातलं? हात लई दुखत व्हता काय?"

"नाही," मी म्हणाले, "तेव्हा दुखत नव्हता."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डाव्या हाताकडे, आणि तो हलकेच आपल्या हातात घेतला. तिचा तळवा खरखरीत होता. मला तो कळला.